आवतणाचा धवला

माझ्या कानांचं कौतुक आजवर पुष्कळांनी केलं. कार्यक्रमात ओळख करून देताना लोक सांगतात, की बाईंना नुसत्या आवाजावरून खोलीची उंची कळते. मी हसते, शाल घेते आणि खाली बसते. हे कान तयार कुठे झाले ते कुणी विचारत नाही, आणि विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं असतं याची खात्री नाही. आता सत्तरी जवळ आली, ज्यांच्यापुढे लाज वाटायची ती माणसं उरली नाहीत, तेव्हा सांगून टाकते. ते कान माझ्या चांगुणाकाकीच्या मांडीवर तयार झाले. आणि त्यांनी केलेला पहिला मोठा पराक्रम म्हणजे तिचंच गाणं कायमचं बंद पाडणं.

आमचं घर मानपाड्याच्या मागच्या अंगाला, गावात. काका आणि बाबा दोघे भाऊ एकत्र राहत. भाताची जमीन होती ती कारखान्यांसाठी गेली, आणि ज्या शेतात दोघांनी लावणी केली होती त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या कंपनीत दोघे कार्ड दाबून कामाला जाऊ लागले. सकाळचा भोंगा झाला की आई तवा चुलीवरून उतरवायची. तांदळाची भाकरी, भाजलेली सुकट, कधी वालाचं बिरडं, आणि उधाणाच्या दिवसांत खाडीच्या चिखलातली निवटी मासळी मिळाली तर दोन्ही भावांची रात्रपाळीसुद्धा गोड व्हायची. वास कंपनीचा आणि निवट्यांचा एकदमच यायचा. आमच्याकडे आलेला पाहुणा नाक मुरडायचा तो नेमका कशाला, ते कळत नसे. काकीला एकच मूल झालं होतं, सुमन. ती तीन वर्षांची असताना तापानं गेली. तिच्यानंतर वर्षभरानं मी जन्मले, आणि आईनं मला दूध पाजण्यापुरती आपल्याकडे ठेवली असं घरात गमतीनं म्हणत. बाकी वेळ मी काकीची.

काकी धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्न लावायचं ते धवले गाऊन. भटजी येतो, मंगलाष्टका म्हणतो, दक्षिणा घेतो आणि जातो. पण मांडवाचा खांब रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला धवलारणीनं म्हटल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कुणी मानत नसे. आसपासच्या सात-आठ गावांतून नारळ घेऊन काकीला बोलवायला माणसं यायची. दारात नारळ आला की ती पदर सावरून उभी राहायची. एरवी सासऱ्यांपुढे मान वर न करणारी ही बाई मांडवात शिरली की पाटील तिच्यासाठी पाट मागवायचा. माझं बालपण त्या मांडवांत गेलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटायची, आणि लोकांना वाटायचं पोरगी झोपली. मी झोपत नसे. तिचा आवाज पोटातून कसा निघतो, छातीत कुठे अडतो, ते मला मांडीवरून ऐकू यायचं. पाच-सहा वर्षांची होईतो सगळे धवले मला पाठ झाले होते, पण मी ते कधी मोठ्यानं म्हटले नाहीत. हा माझा स्वभाव. मी सगळं ऐकते आणि गप्प बसते. त्याचे पुढे मला पैसेही मिळाले.

त्या सगळ्यांत मला आवडायचा तो आवतणाचा धवला. लग्नाला जिवंत माणसांना नारळ, सुपारी, पत्रिका जाते. गेलेल्यांना कोण बोलावणार? तर धवलारीण. आधी धरतरीला मान, मग गावदेवाला, मग शिवेला, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन, या, तुमचा पाट मांडलाय, लेकराला आशीर्वाद द्या. चाल अगदी संथ. नाव आलं की मांडवात कुणीतरी डोळे पुसायचं आणि लगेच हसायचं, कारण आलेला माणूस पाहुणा असतो, त्याच्यापुढे रडायचं नसतं. घरच्या नवऱ्यामुलाला खांद्यावर खेळवणारा आजा मांडवात येऊन बसला आहे, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

शाळा डोंबिवलीत झाली. तिथं पहिल्याच वर्षी मी ‘पानी’ म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी जिभेला शिस्त लावली ती आजतागायत सुटलेली नाही. काकीबरोबर लग्नांना जाणं मी दहाव्या वर्षी बंद केलं, अभ्यासाचं निमित्त करून. पुढे विज्ञान शाखेत शिकले, रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला, आणि ठाण्यात कोपरीला एका ध्वनिमुद्रकाच्या स्टुडिओत चिकटले. स्टुडिओ म्हणजे एका पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. गिरणी बंद असेल त्या वेळातच रेकॉर्डिंग व्हायचं. मालकाला आम्ही सर म्हणायचो. सर वाईट नव्हते, हे मला कबूल केलं पाहिजे, कारण त्यांना वाईट ठरवलं की माझं काम सोपं होतं. मायक्रोफोन कुठे धरायचा, वारा कसा अडवायचा, माणूस बोलायचा थांबल्यावरही यंत्र का चालू ठेवायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. फक्त एक होतं. माझ्या तोंडून चुकून एखादा ‘डोला’ निघाला तर ते रागवायचे नाहीत, नुसते शांतपणे ‘डोळा’ म्हणायचे आणि मी म्हणेपर्यंत थांबायचे. मी त्यांना काकीबद्दल कधी सांगितलं नव्हतं. घरी काय करतात विचारलं तेव्हा ‘सगळे कंपनीत आहेत’ एवढंच सांगितलं.

दोन वर्षांनी सरांना एक मराठी चित्रपट मिळाला. शूटिंग खडवलीला, नदीकाठी. सरांचे गुडघे गेलेले, त्यामुळे बाहेरचे सगळे आवाज गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. पाणी, धोब्याचा दगड, गुरांच्या गळ्यातल्या घंटा, पिंपळ. टेपचं ते यंत्र खांद्याला लावलं की संध्याकाळी पट्ट्याचा वळ उठायचा. बारा सेल लागत आणि ते थंडीत लवकर मरत. एक दिवस दिग्दर्शक म्हणाले, की त्यांना एखादं जुनं बायकी गाणं हवं आहे, कुणी न ऐकलेलं, वाद्यांशिवाय. कुठे वापरायचं ते नंतर ठरवू. सर म्हणाले, बघू. मी म्हणाले, ‘मी आणते.’ हे मी का म्हणाले ते मला चांगलं आठवतं. युनिटमध्ये मला सगळे ‘ती वायरवाली’ म्हणायचे, आणि मला नावाची पाटी हवी होती. पडद्यावर, पांढऱ्या अक्षरांत.

काकीनं पहिल्या झटक्यात नाही म्हटलं. मी दहा वर्षांत तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, तरी नाही.

‘लगीन नाय तं धवला नाय,’ ती म्हणाली. ‘उगाच कोनाला बोलवू? आली तं बसवू कुठं?’

लग्नाच्या मांडवात रेकॉर्डिंग शक्य नव्हतं. बॅन्ड, लाउडस्पीकर, पोरांचा दंगा. मी आठवडाभर तिच्या मागे भुणभुण केली, आणि शेवटी तोडगा तिनंच काढला. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न होतं. ते लग्नच ना? खरं लग्न, अंगणातलं. त्या दिवशी ती म्हणेल, सगळं रीतसर, आणि माझ्या यंत्राला काय ऐकायचं ते ऐकू दे. तिनं दिवसभर शेण घालून अंगण सारवलं, तुळशीला उसाचा मांडव घातला, आजोबा-आजींसाठी खरोखरचे पाट मांडले. मी शेजारपाजारच्या घरांत जाऊन रेडिओ बंद करायची विनवणी केली, कोंबड्या झाकायला लावल्या. भोंगा होऊन गेल्यावर सुरुवात केली. हेडफोनमध्ये तिच्या हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या. मी म्हटलं, बांगड्या काढ. ती माझ्याकडे बघतच राहिली. नवरा समोर बसलेला आणि पोरगी बांगड्या काढ म्हणते. मग तिनं फडकं ओलं केलं आणि दोन्ही हातांच्या बांगड्यांवर कोपरापर्यंत गुंडाळून घेतलं.

ती गायली. धरतरी, गावदेव, शीव. आजोबांचं नाव, आजीचं, बाबांच्या गेलेल्या धाकट्या भावाचं. आणि मग, मी कधीही कुठल्याही मांडवात ऐकलं नव्हतं ते झालं. लहान मुलांना आवतण देत नाहीत. पण काकीनं सुमनला बोलावलं. बाय, तू पन ये. तिथे तिचा आवाज क्षणभर खाली गेला आणि परत वर आला. काका उठून घरात गेले. मी काय केलं? मी यंत्रावरचा काटा पाहिला. आवाज फाटला तर नाही ना, हे पाहिलं. फाटला नव्हता, आणि मला इतका आनंद झाला की मी अंगठा वर करून तिला थांबू नको अशी खूण केली.

दुसऱ्या आठवड्यात कोपरीच्या स्टुडिओत ती टेप लावली. सर, दिग्दर्शक आणि मी. सुमनच्या नावापाशी दिग्दर्शकांनी हात वर केला आणि ती जागा पुन्हा लावायला सांगितली. दोनदा, तीनदा. ‘काय दुःख आहे या आवाजात,’ ते म्हणाले. ‘कुणी गेल्यावर म्हणतात का हे?’ सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं, की हे लग्नाचं आमंत्रण आहे. चार शब्द. पण दिग्दर्शकांचा चेहरा मला दिसत होता. दुःखाचं गाणं त्यांना सापडलं होतं, आणि लग्नाचं म्हटलं असतं तर ती टेप इतर टेपांबरोबर फळीवर जाऊन पडली असती. शिवाय मग पुढचे प्रश्न आले असते, कुणाच्यात असं म्हणतात, ही बाई कोण, तुझी कोण. मी मान डोलावली. हो म्हणाले नाही, मान डोलावली. सरांनी नियमाप्रमाणे टेपचा डबा माझ्यापुढे सरकवला. डब्यावर काय लिहिलं असेल तेच पुढे एडिटिंगला खरं धरतात, तिथे कुणी गावी जाऊन चौकशी करत नाही. मी वळणदार अक्षरात लिहिलं: ‘स्त्रीस्वर, पारंपरिक शोकगीत.’ आणि कंसात सुमनच्या नावाची जागा, मिनिट आणि सेकंदासह.

चित्रपट लागला तेव्हा माझं नाव पाटीवर आहे हे कळून गावानं टेम्पो केला. दुपारचा खेळ. बायका हळदीला नेसावं तशा नऊवारी नेसून आल्या होत्या, काकीनं अंबाडा घालून अबोलीचा गजरा माळला होता. कथा मला माहीत होती, पण गाणं कुठे लावलंय ते मी पाहिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी विचारलंच नव्हतं. मध्यंतरानंतर पडद्यावर नदी आली आणि काकीचा आवाज सुरू झाला. ओळीतल्या सगळ्या बायका एकदम हसल्या, एकमेकींना कोपरानं ढोसलं. मग कॅमेरा वळला. नदीकाठी तिरडी होती. तिरडीवर हळद-कुंकू लावलेली तरुण पोरगी. आणि त्या पोरीच्या मढ्यावर काकी आमच्या आजोबांना बोलावत होती, आजीला बोलावत होती, या, पाट मांडलाय. बाय, तू पन ये.

मागच्या रांगेतून काकीच्या सासरच्या नात्यातली एक म्हातारी अंधारात बोलली. आवाज चढवला नव्हता, तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला.

‘चांगुणे, मयताला कशाला बोलावलास गो त्यांना?’

परतीच्या टेम्पोत कुणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आमच्या लोकांत अपशकुन झाला की बोलत नाहीत, बाजूला होतात. तुळशीची लग्नं झाली, मुहूर्त सुरू झाले, आणि आमच्या दारात नारळ आला नाही. घरच्या पितरांना मढ्यावर बोलावणारी धवलारीण आपल्या मांडवात कोण घेईल? दुसऱ्या गावाहून एक नवखी बाई आणू लागले, तिला अर्धे धवले येत नव्हते. आमच्या शेजारच्या घरी लग्न होतं तेव्हा काकी दार लावून तांदूळ निवडत बसली होती. भिंतीपलीकडे ती बाई शिवेचा मान विसरली. काकीचा हात सुपात थांबला, मग पुन्हा चालू लागला. सर आणि दिग्दर्शक यांना यातलं काही कळलं नाही. गाण्याचं कौतुक झालं, सरांना एक बक्षीस मिळालं, आणि त्यांनी सगळ्यांपुढे माझ्या कानांची तारीफ केली. मी घरी पेढे नेले. काकीनं एक घेतला.

अलीकडे माझ्या भाच्यानं मला मोबाइलवर तो तुकडा दाखवला. कुणीतरी तो वर टाकला आहे, आणि खाली नाव दिलं आहे, आगरी समाजातलं मृत्युगीत. हजारो लोकांनी रडक्या चेहऱ्यांची चिन्हं टाकली आहेत. आमच्या गावातली आजची पोरंही ते तसंच समजतात. कुणाची तरी माती झाल्यावर ते स्टेटसला लावतात. मी भाच्याला म्हटलं, हे चूक आहे. तो म्हणाला, ‘मावशी, सगळीकडे असंच लिहिलंय ना.’ सगळीकडे असंच लिहिलंय, कारण एका पोरीनं पिठाच्या गिरणीच्या वर बसून एका डब्यावर ते लिहिलं. मी त्या पानावर खुलासा लिहायला घेतला आणि पुसून टाकला. खुलाशाखाली नाव घालावं लागलं असतं.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. चित्रपटानंतरच्या त्याच लग्नहंगामात, एका रविवारी दुपारी, घरात आम्ही दोघीच होतो. काकी मिरच्यांचे देठ काढत होती. तिनं मान वर न करता विचारलं.

‘कुंदे, खरा सांग. तो आवतनाचा हाय, ह्या तुला ठाव व्हता का?’

मी स्वच्छ मराठीत उत्तर दिलं. ‘नाही काकी. मेलेल्या माणसांची नावं होती ना त्यात. मला वाटलं, मयताचंच असेल.’

खरं तर तिला हे पटायला नको होतं. तुळशीच्या लग्नात मयताचं गाणं कोण म्हणेल? पण मी तिच्या मांडीवरची पोर होते, आणि आपल्या पोरीनं जाणूनबुजून असं केलं हे मानण्यापेक्षा तिला हे मानणं सोपं होतं. तिनं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की मिरच्यांच्या बिया उडाल्या.

‘मंग तुजी काय चूक?’ ती म्हणाली. ‘शालंत धारली तुला, घरातला काय शिकवलाच नाय मी.’

आणि तिनं हेच गावभर सांगितलं. विहिरीवर, गिरणीत, देवळाच्या पायरीवर. पोरीला ठाव नव्हता, दोष माजा. लोकांनी ते मानलं. माझ्याशी पुन्हा बोलू लागले, माझ्यासाठी स्थळंसुद्धा आली. काकीला मात्र नारळ आला नाही. आता तर तिनं स्वतःच कबूल केलं होतं, की ज्याचा अर्थ घरातल्या पोरीला सांगितला नाही ते तिनं यंत्राला देऊन टाकलं.

त्यानंतरच्या रविवारी तिनं मला समोर बसवलं. लग्न नव्हतं, त्यामुळे गायचं नाही. धवला नुसत्या बोलण्याच्या आवाजात सांगायचा, आणि नावांची जागा आली की नाव न घेता बोट उचलायचं. हे पुन्हा कुणाच्या हातून होऊ नये म्हणून ती मला पहिल्यापासून शिकवणार होती. मला सगळं येत होतं, ओळ न् ओळ, तिचा श्वास कुठे येतो तेसुद्धा.

‘पयला मान कोनाचा?’ तिनं विचारलं.

‘गणपतीचा,’ मी म्हणाले.

‘नाय गो बाय. पयला धरतरीचा.’

आणि मी म्हणाले, ‘धरतरीचा.’ तसे किती रविवार गेले. मी चुका ठरवून करायची, आज दोन, आज एक, खोटी वाटणार नाही इतपत. ती न कंटाळता दुरुस्त करायची. तिच्या तोंडावर त्या तासापुरती मांडवातली कळा यायची आणि मला ते बघवत नसे. ऐन वैशाखात एका दुपारी, आता पुरे म्हणून, मी सगळा आवतणाचा धवला सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकही चूक न करता म्हटला. शेवटी तिनं आपणहून एक बोट जास्त उचललं, सुमनचं. मग ती उठली, चुलीपाशी जाऊन मूठभर मीठ-मिरच्या घेऊन आली आणि माझी दृष्ट काढली. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिला काकी म्हणाली, ‘बघ, किती लवकर शिकली. कुनी सांगितलाच नव्हता तिला.’